फाटकासमोर वाळत घातलेल्या उदबत्त्या

उदबत्त्या वळणाऱ्या एका बाईवर अन्याय झाला. १९९६ साली, युगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधीच्या आठवड्यातल्या सोमवारी, सकाळी माल द्यायच्या वेळी, बंगळूरच्या राजाजीनगरच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या एका गोदामात. तिचं काम काढून घेतलं. तिचा गुन्हा एवढाच की ती कंत्राटदाराला म्हणाली, "जी काडी नापास म्हणतोस, ती माझ्यासमोर मोड."

ज्यांना उदबत्ती पुड्यातून बाहेर काढण्यापुरतीच माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगते. कंत्राटदार बाईला बांबूच्या काड्या देतो आणि काळी भुकटी देतो. भुकटीत कोळसा असतो आणि झाडाची चिकट साल कुटून घातलेली असते. बाई घरी ती भुकटी मळते, बुटक्या पाटावर एकेक काडी तळहाताखाली वळते, उन्हात वाळवते, जुड्या बांधते आणि गोदामात नेऊन देते. या काडीला वास नसतो. वास नंतर मोठ्या कारखान्यात लावतात. गोदामात कंत्राटदार जुडी सोडतो आणि काड्या उपसत बसतो. ही वाकडी. ही जाड. हिचं टोक उघडं. रिजेक्ट. रिजेक्ट काडीची मजुरी मिळत नाही. आणि ती काडी बाईला परतही मिळत नाही, कारण भुकटी कंत्राटदाराची. ती कोपऱ्यात टाकतात. संध्याकाळपर्यंत कोपरा रिकामा होतो.

कुठे जातात त्या काड्या? आमच्या मागच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पास झालेल्या काड्यांच्याच खोक्यात जातात. त्यांना तोच वास लागतो, आणि तुमच्या माझ्या देवासमोर त्या सरळ जळतात. बाईची मेहनत तेवढी फुकट.

ती बाई मागच्या गल्लीत राहायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो. माझे वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, माझ्या जन्माआधी सोलापूरहून इकडे आले. अक्काचे लोक मात्र कैक पिढ्यांपूर्वी आलेले. ती घरात मराठी बोलायची, पण त्या मराठीत निम्मी कन्नड होती. माझ्या आईला त्या मराठीचं हसू यायचं आणि तिला आमच्या मराठीचं. "तुम्ही बोलता ते रेडिओसारखं," ती म्हणायची, "आमचं आपलं स्वल्प मिरची घातलेलं." मला ती पुट्टी म्हणायची, म्हणजे छोटी. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तरी पुट्टीच.

तिचा नवरा कापडगिरणीत होता. गिरणी बंद पडली, खोकला राहिला. तो दिवसभर उंबऱ्यावर बसून गल्लीचा कारभार बघायचा आणि मला लीडर म्हणायचा. घरात अक्काशिवाय दुसरं कुणी कमावणारं नव्हतं. कंत्राटदारानं नुसतं काम काढलं नाही, आजूबाजूच्या बाकी कंत्राटदारांनाही सांगून ठेवलं की हिला भुकटी द्यायची नाही. म्हणजे अक्कापुढे दोनच वाटा राहिल्या. गोदामात जाऊन हात जोडायचे, नाहीतर होसूरला भावाच्या घरी नवऱ्यासकट जाऊन पडायचं.

"माफी मागणार नाही," ती म्हणाली. "आणि भावाच्या दारातही जाणार नाही. त्याची बायको ताट वाढताना सुस्कारा सोडते."

"मग काय करणार?" मी विचारलं.

"ते तू सांग. पत्रकं तू छापतेस ना?"

छापायची मी. आमचा पाच-सहा जणांचा गट होता. दोन विद्यार्थी, एक नवखा वकील, गिरणीच्या युनियनमधले दोन म्हातारे. शिंप्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथे हातानं फिरवायचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. मी पत्रकं कन्नडमध्ये लिहायची आणि संतापायची मात्र मराठीत. माझी आई ती पत्रकं स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरायची. "कागद चांगला आहे हो तुमच्या क्रांतीचा," म्हणायची. त्या वर्षांत शहरात रोज नवी काचेची इमारत उठत होती आणि वर्तमानपत्रं तिला प्रगती म्हणत होती. मी पत्रकात लिहायची की या प्रगतीचा मागचा दरवाजा आमच्या गल्लीत उघडतो, येऊन बघा. कुणी येत नव्हतं. शहराला समोरचा दरवाजा पुरेसा होता.

मंगळवारी आम्ही अक्काला घेऊन सरकारी कार्यालयात गेलो. मजुरीच्या तक्रारी तिथे ऐकतात, असं फलकावर लिहिलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसवलं, अक्काला पाणी दिलं, आणि मग हसून म्हणाला, "कारखाना कुठाय? मुकादम कुठाय? बाई घरी बसून काय करते ते मला कसं दिसणार? कायद्याला दिसेल असं काम दाखवा, मग बोलू."

"चला माझ्या घरी, दाखवते," अक्का म्हणाली.

"तसं घरोघर फिरता येत नाही अम्मा."

बाहेर आल्यावर मी जिन्यातच ओरडले. वकिलानं मला गप्प केलं. त्याच संध्याकाळी आम्ही ठरवलं: शुक्रवार, सकाळी दहा वाजता, या कार्यालयाच्या फाटकासमोर धरणं. गल्लीतल्या सगळ्या बायका यायच्या. मागण्या दोन. अक्काला काम परत. आणि नापास काडी बाईच्या देखत मोडली पाहिजे. मी पत्रक लिहिलं, आणि अजूनही सांगते, चांगलं लिहिलं होतं.

ते घेऊन गल्लीत गेले तर बायका वाचून एकमेकींकडे बघायला लागल्या.

"सकाळी दहा?" एक म्हणाली.

"हो. साहेब दहाला येतो."

"दहाला आमच्या काड्या उन्हात असतात गं."

पहाटे वळलेल्या काड्या नऊच्या सुमाराला बाहेर मांडायच्या, उन्हं चढली की सारख्या फिरवायच्या. फिरवल्या नाहीत तर एका अंगानं वाळून वाकतात, आणि वाकलेली काडी म्हणजे गोदामात आयती रिजेक्ट. वर मार्च महिना, कधी ढग भरून येईल सांगता येत नाही. त्यात युगादी तोंडावर, कंत्राटदार मालासाठी मागे लागलेला. आम्ही पाच-सहा जणांनी तासभर खल करून जी वेळ काढली होती, तीच एक वेळ या बायकांना हलता येत नव्हती.

"मग दुपारी करू," मी म्हणाले.

"दुपारी साहेब नसतो," म्हातारा युनियनवाला म्हणाला. "आणि पोलिसांना कळवून झालंय, दहाची वेळ."

अक्काचा नवरा उंबऱ्यावरून खोकत हसला. "लीडर, तुमच्या धरण्याला ऊन लागणार बघ. काड्यांना मात्र नाही."

बायका म्हणाल्या, बघू. "बघू" या शब्दाचा अर्थ चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

शुक्रवारी दहा वाजता फाटकासमोर आम्ही सहा जण होतो, अक्का होती, आणि तिचा नवरा. त्याला रिक्षातून आणावं लागलं होतं. पोलिसांची गाडी आमच्या आधी येऊन उभी होती. गाडीत आमच्या दुप्पट माणसं. हवालदारानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "एवढेच?" मला जमीन दुभंगावी असं वाटलं. साहेब आला. आमच्याकडे बघून त्यानं मान डोलावली, जणू आम्ही त्याच्या स्वागताला उभे होतो, आणि जीप आत घेतली.

साडेदहा झाले. वकील रस्त्याच्या टोकाकडे बघत होता. मी घोषणा दिली, दोघांनी साथ दिली, तिसऱ्याला ठसका लागला. अक्का पदर आवळून फाटकाला टेकून बसली होती. तिचे हात मांडीवर होते, धुतलेले. मी तिचे हात असे स्वच्छ कधी पाहिले नव्हते. कोळसा तिच्या रेषांत कायमचा बसलेला असायचा. चार दिवस भुकटी नाही, त्यामुळे तो निघून गेला होता, आणि ते हात कुणा दुसऱ्याचेच वाटत होते.

"पुट्टी," ती हळूच म्हणाली, "नाही आल्या तरी त्यांना काही बोलायचं नाही. सरी?"

सरी, म्हणजे बरं. मी मान हलवली. 

अकराच्या जरा आधी त्या दिसल्या. रस्त्याच्या वळणावरून एकामागून एक. डोक्यावर सुपं, कुणाच्या डोक्यावर लाकडी फळी, दोघींनी मिळून धरलेलं गोणपाट. त्यावर ओल्या काळ्या काड्या. गल्लीतली घरं काड्यांसकट चालत आली होती. पहिली बाई माझ्यासमोर थांबली, दम खात म्हणाली, "कुठे मांडू?"

मला कळेचना. "काय मांडायचं?"

"काड्या गं! ओल्या आहेत. ऊन कुठाय ते दाखव."

ऊन सगळीकडे होतं. कार्यालयासमोरचा रस्ता नुकताच डांबर घातलेला, तापलेला, झाडं तोडून रुंद केलेला. गल्लीत असं ऊन मिळत नाही. बायकांना डांबर बघून आनंद झाला. त्यांनी गोणपाटं पसरली, पदरानं धूळ झटकली आणि पंख्यासारख्या काड्या मांडायला सुरुवात केली. एका फाटकाच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, मग पदपथावर, मग रस्त्याच्या निम्म्यापर्यंत. यात कुणाचाही डाव नव्हता. मागाहून लोकांनी मला विचारलं, ही युक्ती कुणाची? कुणाचीच नाही. काम थांबवता येत नव्हतं म्हणून त्या काम घेऊन आल्या. अक्का उठली. स्वतःच्या काड्या नव्हत्या, मग तिनं बाकीच्यांच्या फिरवायला घेतल्या. बघता बघता तिची बोटं काळी झाली.

मला इतकं हायसं वाटलं की मी घोषणा द्यायची विसरले.

बाराच्या सुमाराला साहेबाची जीप बाहेर निघाली. फाटक उघडलं आणि जीप थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. समोर काड्या. डावीकडे काड्या, उजवीकडे काड्या. त्यानं आधी चपला काढल्या. मग नुसताच उभा राहिला.

"अम्मा, स्वल्प बाजूला घ्या," तो म्हणाला.

"आत्ता उचलल्या तर वाकतील."

"मग केव्हा उचलणार?"

"सूर्याला विचार."

ड्रायव्हरनं जीपच्या चाकाकडे बघितलं, काड्यांकडे बघितलं आणि हॉर्नसुद्धा न वाजवता परत जाऊन बसला. देवापुढे लागायची वस्तू ओलांडत नाहीत, तिला पाय लावत नाहीत. हे मला कुठल्या अभ्यासवर्गात शिकवलं नव्हतं. आमच्या घरी उदबत्तीचा पुडा खाली पडला तर आई तो उचलून कपाळाला लावते. मी अशा गोष्टींना पत्रकात अंधश्रद्धा म्हणायची. त्या दुपारी मी काही म्हटलं नाही.

हवालदाराला साहेबानं खुणेनं सांगितलं, रस्ता मोकळा करा. हवालदार पुढे आला. काठीनं एक काडी ढकलायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?" साहेबानं विचारलं.

"शुक्रवार आहे सर, देवीचा वार," हवालदार म्हणाला.

बायका फिसकन हसल्या. साहेब जीपमधून उतरला. फाटकाच्या आतल्या बाजूला उभा, आम्ही बाहेरच्या बाजूला, मधे ओल्या काड्या. अक्काचा नवरा रिक्षाच्या सीटवरूनच ओरडला, "साहेब, कायद्याला दिसेल असं काम म्हणालात ना? बघा की. दिसतंय का?"

साहेबाला हसू आवरलं नाही. मला त्या हसण्याचा राग आला होता हे कबूल करते, पण त्या हसण्यानंच काम झालं. तो आत गेला, कंत्राटदाराला फोन केला आणि म्हणाला, ये, नाहीतर मला आज जेवण मिळत नाही.

कंत्राटदार स्कूटरवरून आला. पांढरा शर्ट, कपाळावर ताजं कुंकू. अक्काला बघून त्यानं तोंड फिरवलं आणि काड्यांच्या या बाजूलाच थांबला. साहेबानं आतून हाक मारली, "आत या, बोलू."

तो जागचा हलेना.

"या की," अक्का म्हणाली. ती उकिडवी बसली होती, काड्या फिरवत. वर न बघता बोलत होती. "या सगळ्या तुझ्याच भुकटीच्या आहेत. उद्या गोदामात यातल्या किती रिजेक्ट करणार आहेस?"

"ते उद्या बघू."

"आज बघ ना. कुठल्या कुठल्या ते दाखव. रिजेक्ट म्हणजे कचरा, असं तूच म्हणतोस. मग कचऱ्यावर पाय देऊन आत जा. साहेब भुकेले आहेत."

कुणी हसलं नाही. कंत्राटदार काड्यांकडे बघत राहिला. पाय ठेवला तर देवाच्या वस्तूवर पाय. नाही ठेवला तर एवढ्या बायकांसमोर मान्य केल्यासारखं की यातली एकही काडी कचरा नाही. त्यानं एक चप्पल काढली. पुन्हा घातली. हवालदार बोट चावत बघत होता. आमच्या वकिलानं कोर्टात असा प्रश्न कधी विचारला नसेल. मला तर तो सुचलाच नसता, माझं सगळं पत्रक त्या एका वाक्यापुढे फळीवर अंथरायच्या लायकीचं होतं.

"काय पाहिजे तुला?" शेवटी तो म्हणाला.

"सोमवारी भुकटी. आणि मोडायचं माझ्यासमोर. सगळ्यांच्या समोर, आपापली."

"सरी, सरी."

"साहेबांना ऐकू जाईल असं बोल."

तो साहेबांना ऐकू जाईल असं बोलला. मग साहेबानं ते परत मोठ्यानं म्हटलं, म्हणजे पोलिसांनाही ऐकू गेलं. काड्या वाळेपर्यंत मात्र कुणालाच हलता आलं नाही. कंत्राटदार स्कूटरला टेकून उभा, साहेब फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसलेला. कुणीतरी समोरच्या टपरीवरून त्याला चहा आणि बन दिला, काड्यांवरून हात लांब करून. ढग आला नाही. त्या दुपारी मी आकाशाकडे जितकं बघितलं तितकं कधीच बघितलं नसेन.

तोंडी आश्वासनावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. सोमवारी सकाळी मी कॉलेज बुडवून गल्लीच्या तोंडाशी नळापाशी उभी होते. अक्काचा नवरा उंबऱ्यावर. दोघंही एकमेकांना धीर द्यायचा म्हणून क्रिकेटबद्दल बोलत होतो. मला क्रिकेट कळत नाही. त्यालाही फारसं कळत नसावं, कारण आम्ही दोघं बराच वेळ वेगवेगळ्या सामन्यांबद्दल बोलत होतो.

मग ती आली. डोक्यावर भुकटीचं पोतं, काखेत काड्यांचा भारा. पोत्यातून गळालेली भुकटी तिच्या कपाळावरून नाकापर्यंत आलेली. माझ्याजवळ न थांबता म्हणाली, "पुट्टी, बाजूला हो, हे जड आहे." नवऱ्यानं उंबऱ्यावरून पाय आवरून घेतले, तिला वाट दिली, आणि मग कितीतरी वेळ खोकला. मी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.  सुटलो, असं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याचाही संताप आला. एका बाईला तिचं तेच कंबरमोडं, बोटं काळी करणारं काम परत मिळालं म्हणून मी रडत होते. एवढंच मागायचं का आपण? पण घर वाचलं होतं. होसूर टळलं होतं. तेवढ्यापुरतं मी रडून घेतलं.

पुढच्या शनिवारी गोदामात काय झालं ते अक्कानं मला पोट धरून हसत सांगितलं. कंत्राटदारानं जुडी सोडली. वाकडी म्हणून एक काडी काढली. अक्कानं हात पुढे केला: मोड. त्यानं मोडली. कट्. दुसरी काढली. अक्का: मोड. ती काडी त्याला चांगली वाटायला लागली. परत जुडीत गेली. तिच्यामागच्या बायकांचंही तसंच. ज्या गोदामात कोपरा भरायचा, तिथे दिवसअखेर मूठभर तुकडे पडले होते. मोडाव्या लागल्या की काड्या सुधारतात. बायकांचे हात तेच, भुकटी तीच.

म्हणून आता मी जे मागते आहे ते तुमच्याकडे मागते आहे. बंगळूरच्या मराठी मंडळात, पुण्यात, नागपुरात, जिथे असाल तिथे. यंदा गणपतीला मंडळासाठी उदबत्तीची खोकी घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, तुमच्याकडे नापास काडी कुणासमोर मोडतात? त्याला माहीत नसेल तर म्हणा, पुरवठादाराला विचारून सांग, तोवर खोकं राहू दे. मागे रांग लागली तरी विचारा. घरचे हसले तरी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत ते खोकं घेऊ नका.